साम्राज्य गेल्यावर वाढलेली भाषा

स्पॅनिशच्या घराण्यातला एक फार जुना कागद म्हणजे चक्क चीजचा हिशेब आहे. इ.स. ९८०च्या सुमारास, उत्तर स्पेनमधल्या लिओनजवळच्या एका मठात कोठार सांभाळणाऱ्या साधूने तो जुन्या दानपत्राच्या पाठीवर टिपून ठेवला. द्राक्षमळ्यातल्या कामासाठी किती चीज गेले, राजा आला तेव्हा किती खर्ची पडले. दानपत्र लॅटिनमध्ये आहे. हिशेब मात्र बोलीत उतरला आहे. ही बोली लिओनची. आजची स्पॅनिश तिच्या शेजारणीची, कॅस्टिलच्या बोलीची वंशज.

दोघींची आई एकच. इ.स.पू. २१८मध्ये कार्थेजशी लढायला रोमन फौजा आयबेरियन द्वीपकल्पात उतरल्या. त्यांच्यामागून आलेली लॅटिन ग्रंथांतली नव्हती. शिपायांची आणि व्यापाऱ्यांची होती. तिच्यापुढे स्थानिक भाषा मावळल्या, बास्क तेवढी डोंगरात तगून राहिली. ७११ नंतर बहुतेक द्वीपकल्पावर मुस्लिम सत्ता आली आणि बोलीत अरबी शब्दांची मोठी भर पडली. उशी, तेल, महापौर यांसाठीचे रोजचे स्पॅनिश शब्द अरबीतलेच आहेत.

कॅस्टिल म्हणजे बुर्गोसच्या आसपासचा सरहद्दीवरचा, किल्ल्यांनी भरलेला मुलूख. तिथली बोली शेजाऱ्यांना रांगडीच वाटत असणार. पण कॅस्टिलची सत्ता दक्षिणेकडे सरकत गेली, तशी बोलीही सरकली. १०८५मध्ये तोलेदो हाती आले. पुढे कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो (राज्यकाळ १२५२ ते १२८४) याने कायदा, इतिहास आणि खगोलशास्त्र लॅटिन बाजूला ठेवून कॅस्टिलियनमध्ये लिहवून घेतले. माझ्या मते या भाषेचे खरे नशीब इथे उघडले. कोलंबस फार नंतरचा. त्याने अरबीतून करवून घेतलेल्या भाषांतरांत ‘कलीला व दिम्ना’ही आहे, म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक. पहलवीतून अरबीत गेलेली ती जोडी १२५१च्या सुमारास, तो राजा होण्याआधीच, कॅस्टिलियन बोलू लागली.

१४९२ हे साल शाळेतही शिकवतात, पण त्यातली एक घटना सहसा सुटते. द्वीपकल्पातले शेवटचे मुस्लिम राज्य ग्रानादा पडले, ज्यूंना हाकलले, कोलंबस निघाला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सालामांकात अंतोनियो दे नेब्रिहाचे कॅस्टिलियन व्याकरण छापून झाले. साम्राज्यामागून भाषाही जाते, असे त्याने प्रस्तावनेत राणी इसाबेलला बजावले होते. हाकललेले ज्यू ही भाषा घेऊन इस्तंबूल आणि सालोनिकाला गेले. तिथे ती लादिनो म्हणून शतकानुशतके घरांत टिकली, पाठीशी कसलेही राज्य नसताना.

अमेरिकेत मात्र नेब्रिहाचे गणित लगेच जुळले नाही. धर्म शिकवायचा तर लोकांच्या भाषेत, म्हणून मिशनरीच नाहुआत्ल आणि केचुआ शिकले. १५५५मध्ये मेक्सिकोत आलोन्सो दे मोलिनाचा नाहुआत्ल शब्दकोश छापला गेला. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्द स्पॅनिशने नाहुआत्लकडूनच उचलले. ‘फक्त कॅस्टिलियन’ असे फर्मान स्पेनचा राजा तिसऱ्या कार्लोसने काढले ते १७७०मध्ये, आणि तेव्हा राज्याची अखेर जवळ आली होती. स्वातंत्र्याच्या वेळी स्पॅनिश अमेरिकेतले बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलत नव्हते. ती घरोघरी नेली नव्या प्रजासत्ताकांनी: शाळा, सैन्य, वर्तमानपत्रे, कचेऱ्या. लॅटिनसारखे या भाषेचेही तुकडे पडतील, या धास्तीने काराकासच्या आंद्रेस बेय्योने १८४७मध्ये चिलीत खास अमेरिकनांसाठी व्याकरण लिहिले. या एकजुटीची किंमत केचुआ, आयमारा अशा भाषांनी मोजली, आणि ती मोजायला लावणारे राज्यकर्ते आता माद्रिदचे नव्हते.

उलट फिलिपिन्समध्ये स्पेनने तीनशेहून अधिक वर्षे राज्य करूनही स्पॅनिश जनतेची भाषा झाली नाही. १८९८मध्ये अमेरिकन आले आणि शाळांतून इंग्रजी शिरली. साम्बोआंगातली चावाकानो ही मिश्र बोली तेवढी मागे उरली.

आज स्पॅनिश मातृभाषा असणारे पन्नास कोटींच्या घरात आहेत. सर्वाधिक मेक्सिकोत, स्पेनमध्ये दहांतला जेमतेम एक.