राजकीय संस्कृती : कुंभकोणमच्या मराठी दिवाणांचे उदाहरण

१. प्रस्तावना

दोन देशांच्या राज्यघटना सारख्या असल्या, तरी तेथील राजकारण सारखे चालत नाही. असे का होते, या प्रश्नातून तुलनात्मक राजकारणात ‘राजकीय संस्कृती’ ही संकल्पना रुजली. गॅब्रिएल आल्मंड यांनी १९५६ मध्ये ती मांडली. पुढे १९६३ मध्ये आल्मंड व सिडनी व्हर्बा यांनी अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली व मेक्सिको या देशांतील नागरिकांच्या मुलाखतींवर आधारलेला ‘द सिव्हिक कल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

२. अर्थ व प्रकार

राजकीय व्यवस्थेविषयी लोकांना काय माहीत आहे, काय वाटते आणि ते तिला कसे जोखतात, या तिन्हींचा मिळून जो घाट बनतो ती राजकीय संस्कृती होय. तिचे तीन प्रकार सांगितले जातात :

(अ) संकुचित : शासनाची फारशी जाणीवच नसते.
(आ) प्रजाजनांची : शासनाकडून न्याय व सोयी अपेक्षित असतात, पण निर्णयात आपला वाटा आहे असे वाटत नाही.
(इ) सहभागी : निर्णयावर प्रभाव टाकणे हा आपला हक्क आहे, असे नागरिक मानतो.

प्रत्यक्षात या तिन्हींचे मिश्रण आढळते.

३. दिवाणांची परंपरा

व्यंकोजींनी १६७० च्या दशकात तंजावरला स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. तथापि, त्या राज्याबरोबर कावेरीकाठी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांची कारभारातील हातोटी टिकून राहिली. १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे वडील रंगराव व काका वेंकटराव हेही त्रावणकोरचे दिवाण होते. एका पिढीकडून दुसरीकडे अशी मूल्ये जाण्याला राजकीय सामाजीकरण म्हणतात.

बडोद्यात हे सामाजीकरण वर्गाच्या रूपात दिसते. १८८१ मध्ये तरुण सयाजीराव गायकवाडांच्या हाती अधिकार येण्यापूर्वी माधवरावांनी त्यांच्यासाठी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. प्रजेचे सुख हे राज्यकर्त्याचे कर्तव्य, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. मात्र प्रजेचे सुख कशात आहे, हे ठरवणार राजा आणि दिवाण. प्रजाजनांच्या संस्कृतीचे हे उत्तम रूप म्हणता येईल.

४. सहभागाचा प्रश्न

ज्यांना प्रजा म्हटले जाते ते लोक गप्प असतातच असे नाही. माधवराव त्रावणकोरचे दिवाण असतानाच नाडर स्त्रियांच्या छाती झाकण्याच्या हक्काचा जुना संघर्ष पेटला आणि १८५९ मध्ये जाहीरनामा काढून तो हक्क मान्य करावा लागला. उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र नेसण्याची मनाई मात्र कायम राहिली.

१८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. स्वागत समितीचे अध्यक्ष माधवराव होते. या अधिवेशनासाठी सामान्य लोकांनी लहान लहान वर्गण्या दिल्या आणि तमिळ भाषेतील प्रश्नोत्तरांची पुस्तिका लोकांत वाटली गेली. पुढे विधिमंडळ सुधारणांच्या मागणीवरून मतभेद होऊन माधवराव काँग्रेसपासून दूर झाले. चांगला कारभार आणि लोकांचा कारभार यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

याउलट त्यांचे चुलतभाऊ, कुंभकोणमचेच आर. रघुनाथराव, विधवाविवाहाचा पुरस्कार करत राहिले आणि न्या. रानडे यांच्यासह सामाजिक परिषदेच्या उभारणीत पुढे होते. एकाच गावच्या, एकाच घराण्यातल्या दोन माणसांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या.

५. मर्यादा

वरील उदाहरणावरून दिसते की राजकीय संस्कृती ही भाषेला, जातीला किंवा प्रांताला जन्मतः चिकटलेली नसते. ब्रायन बॅरी यांनी विचारले होते की, संस्कृतीमुळे लोकशाही टिकते, की लोकशाहीत राहून लोकांची वृत्ती बदलते? कॅरोल पेटमन यांनी दाखवले की सहभाग कमी असण्यामागे वर्ग व लिंग यांवर आधारित विषमता असते. तिला ‘संस्कृती’ म्हटले की विषमता झाकली जाते. ‘अमुक लोक लोकशाहीला तयार नाहीत’ हे विधान म्हणूनच तपासून घ्यावे.

६. सारांश

राजकीय संस्कृती संस्था घडवते, तशीच ती संस्थांमधून घडतेही. अभिजनांची व सामान्यांची संस्कृती एकाच राज्यात वेगवेगळी असू शकते.

स्वाध्याय

१. राजकीय संस्कृतीचे तीन प्रकार उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. आपल्या गावाच्या ग्रामसभेत किंवा प्रभागात यांपैकी कोणते प्रकार दिसतात? कोण बोलते, कोण बोलत नाही, याची नोंद करून कारणे लिहा.