चामखिळीच्या वेषातला कर्करोग

मंडळी, भिवंडीत बोलायचं तर कापडापासूनच सुरुवात केलेली बरी.

इंग्लंडात लँकशायरच्या गिरण्यांत ‘म्यूल’ नावाच्या कताईयंत्रावर काम करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कातडीवर चामखिळीसारखी गाठ उठायची आणि तिचा कर्करोग व्हायचा. चात्यांना घातलेलं खनिज तेल उडून विजारीत मुरायचं, तीच विजार दिवसभर अंगाला घासायची. साउदम आणि विल्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये या धंद्याचा आणि या रोगाचा संबंध मांडला. कायद्याचे नियम आले १९५३ मध्ये! तेही नवं नव्हतं. १७७५ मध्येच पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने धुरांडी साफ करणाऱ्यांबद्दल हेच लिहिलं होतं. त्या कामगारांनी आपल्या दुखण्याला आधीच नाव दिलं होतं: काजळीची चामखीळ. म्हणजे रोगाचं कारण रोग्याला ठाऊक होतं, वैद्यकाने ते नंतर ऐकलं.

आपल्याकडे हे कान देऊन ऐकणारा माणूस म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, तिथल्या विकृतिशास्त्र विभागात ते होते. १९४५ मध्ये सूर्याबाईंबरोबर त्यांनी एक निबंध लिहिला, विषय: लोकांच्या सवयी आणि कर्करोग. त्यात धोतराचा कर्करोग आहे. कंबरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या गाठीखाली कातडी आधी काळवंडते, जाड होते, मग चिघळते. पुढे साडीच्या, परकराच्या नाडीखालीही तेच दिसलं. काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांचा कर्करोग तर एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६ मध्येच नोंदवला होता. मला हे निबंध वाचताना समाजशास्त्र वाचल्यासारखं वाटतं. धोतर कोण, किती घट्ट, किती वर्षं नेसतो, हे विचारल्याशिवाय निदानच होत नाही.

आता या सगळ्यांतला विचित्र भाऊबंद, ज्याच्या दिसण्यातच चामखीळ आहे: व्हेरुकस कार्सिनोमा. सेंट लुइसच्या लॉरेन अ‍ॅकरमनने १९४८ मध्ये तोंडातल्या अस्तरावरचा हा प्रकार वेगळा काढून दाखवला. १९५४ मध्ये तळपायाच्या कातडीवरचा असाच प्रकार नोंदला गेला. त्याच्या नावात सशाच्या बिळांचा लॅटिन शब्द आहे, कारण गाठीत आत बोगदे पडलेले असतात. जननेंद्रियावरचा प्रकार त्याही आधी, १९२५ पासून, माहीत होता.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे थांबावंसं वाटतं. कर्करोगाची पेशी ‘वाईट’ दिसते, अशी आपली समजूत. इथे पेशी बहुतेक सभ्य दिसतात! त्या सुट्या होऊन रक्तात, लसिकाग्रंथीत जातात असंही क्वचितच घडतं. मग याला कर्करोग का म्हणायचं? तर ही वाढ थांबत नाही. रुंद, बोथट कडेने ती खालच्या मांसाला ढकलत, चिरडत जाते, जबड्याच्या हाडापर्यंतसुद्धा. घातकपणा पेशीच्या चेहऱ्यावर नाही, तिच्या शेजाऱ्याशी वागण्यात आहे. अ‍ॅकरमनचा खरा शोध मी हा मानतो.

भिवंडीत हा विषय काढण्याचं कारण सांगतो. कापसाच्या धुळीत विडी पेटवता येत नाही. बारा-बारा तासांची पाळी, डोळ्यांवर झोप. मग गालात तंबाखूची गोळी, नाहीतर पुडी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कशी चालते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. घरी बायकांची मिश्री वेगळीच. गोळी जिथे ठेवतात नेमकी तिथेच पांढरट, जाडसर, फुलकोबीसारखी वाढ येते. दुखत नाही. वर्षभरात थोडीच वाढते. ‘बरेच दिवस आहे, काही होत नाही,’ असं माणूस म्हणतो, आणि त्या वाक्यातच त्याची दोन-तीन वर्षं जातात. वेळेवर शस्त्रक्रिया करून सगळी वाढ काढली तर या रोगातून माणूस चांगला बरा होतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक अडचण. वरवरचा तुकडा काढून तपासला तर त्यात पेशी सभ्यच दिसणार. अहवाल ‘कर्करोग नाही’ असा येऊ शकतो. म्हणून डॉक्टर पुन्हा तुकडा मागतात, या वेळी खोलवरचा, कडेच्या निरोगी अस्तरासकट, कारण ढकलणारी कड तिथेच दिसते. घरच्यांना वाटतं, उगाच पैसे काढताहेत. तो दुसरा तुकडा द्यावा.