ओट्यावरचा राघू

शिरपूरकडच्या कितीतरी ओट्यांवर आपण राघूचा पिंजरा टांगलेला पाहिला आहे. त्याला हिरवी मिरची आणि भिजवलेली डाळ द्यायची, 'विठू विठू' म्हणायला शिकवायचं, हे आपल्या बालपणातलंच.

ही आवड फार जुनी आहे. संस्कृत 'शुकसप्तती'त नवरा परगावी गेल्यावर पोपट प्रभावतीला रोज रात्री गोष्ट सांगतो आणि 70 गोष्टींत गुंतवून घराबाहेर पडू देत नाही. मराठीत हीच 'शुकबहात्तरी' झाली. त्या पोपटाला मिरची मात्र माहीत नसणार. ती पोर्तुगीजांबरोबर 16व्या शतकात आपल्याकडे आली.

पण राघू येतो कुठून, हे आपण कधी विचारलं नाही. पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पकडणारे तिथूनच पंख न फुटलेली पिल्लं काढतात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1990-91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आज आपला हिरवा राघू घरात पाळणं गुन्हा आहे.

घरी राघू असेल तर त्याला एकदम सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला नीट उडता येत नाही, दाणा शोधता येत नाही. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा.

प्रभावतीला पोपटानं घरात अडकवलं. आपण मात्र उंबरठा ओलांडून गटाच्या बैठकीला येतो. मग राघूला तरी का कोंडायचं? बांधावरची ढोलीची झाडं राखू या. तो तिथंच बोलेल.