युकातानच्या जलमग्न गुहा : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी व दफ्तरे यांचाच प्रामुख्याने विचार केला जातो. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील जलमग्न गुहांनी या साधनांत एक अनपेक्षित भर घातली आहे.

हा प्रदेश चुनखडीचा असल्याने येथे भूपृष्ठावर नद्या जवळजवळ नाहीत. पावसाचे पाणी खडकात मुरते आणि त्यानेच कोरलेल्या भुयारांतून समुद्राकडे वाहते. छत कोसळून तयार झालेल्या विवरांना तेथे ‘सेनोटे’ म्हणतात; माया संस्कृतीतील अनेक वसाहती याच पाण्यावर पोसल्या गेल्या. या भुयारांत लवणस्तंभ विपुल आहेत. छतातून पाणी ठिबकून घडणारे हे स्तंभ पाण्याखाली तयार होऊच शकत नाहीत. हिमयुगात समुद्राची पातळी १०० मीटरहून अधिक खाली गेली असता या गुहा कोरड्या होत्या, याचा हा सबळ पुरावा होय. आज जेथे पाणबुडे दिव्याच्या प्रकाशात पोहत जातात, तेथे तेव्हा माणसे पायी जात होती.

२००७ मध्ये आल्बेर्तो नावा व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तुलुमजवळ ‘ओयो नेग्रो’ म्हणजे काळे विवर आढळले. त्याच्या तळाशी हत्तीच्या कुळाशी नाते सांगणाऱ्या नामशेष प्राण्यांच्या अस्थींसमवेत सुमारे १५-१६ वर्षांच्या मुलीचा सांगाडा होता. ‘नाइया’ या नावाने ती आता ओळखली जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती १३,००० ते १२,००० वर्षांपूर्वीची आहे. तिच्या कवटीची ठेवण आजच्या अमेरिकन आदिवासींहून भिन्न, परंतु मातृवंशीय जनुकीय खूण मात्र त्यांच्यातच आढळणारी. अमेरिकेचे आद्य रहिवासी हे वेगळ्याच वंशाचे होते, या मताला त्यामुळे मोठा धक्का बसला. पुढे २०२० मध्ये याच किनाऱ्यावरील गुहांत गेरूच्या प्राचीन खाणी, दगडी हत्यारे व शेकोटीच्या खुणा मिळाल्याचे प्रसिद्ध झाले.

जानेवारी २०१८ मध्ये ‘साक आक्तुन’ व ‘दोस ओखोस’ या गुहाप्रणाली परस्परांना जोडलेल्या असल्याचे सिद्ध होऊन एकूण लांबी ३४७ किलोमीटर भरली. मोठ्या गुहेने लहानीचे नावही गिळावे, असा गुहाशोधकांचा रिवाज आहे. ‘दोस ओखोस’चे तेच झाले. असे विक्रम नव्या सर्वेक्षणागणिक बदलतात. इतिहासाच्या अभ्यासकास त्यांचे अप्रूप नसले, तरी लांबीच्या या ध्यासाने दोर टाकीत पुढे गेलेल्या पाणबुड्यांवाचून वरील पुरावे हाती आले नसते, हे मान्य करावे लागते.

तथापि या साधनाच्या जपणुकीचा प्रश्न गंभीर आहे. शिलालेख हलविला तरी मजकूर उरतो. गुहेतील अस्थी हलविली की तिचा संदर्भच नाहीसा होतो. ‘चान होल’ गुहेतील एका प्राचीन सांगाड्याची छायाचित्रे प्रसिद्ध होताच २०१२ मध्ये तो चोरीस गेला. मागे राहिलेल्या कमरेच्या हाडावर वाढलेल्या लवणस्तंभावरून २०१७ मध्ये त्याचे वय किमान ११,३०० वर्षे ठरविता आले. त्यानंतर काही वर्षांतच, ‘त्रेन माया’ रेल्वेमार्गाच्या पाचव्या टप्प्यासाठी याच पट्ट्यातील गुहांची छते भेदून पोलादी खांब रोवण्यात आले.