तस्कर, दरवान आणि सोवळा रोमान्स

तस्करांच्या सहवासातील नायक आणि कुलीन नायिका यांची प्रेमकथा हा इंग्रजी ऐतिहासिक रोमान्सचा एक रुळलेला आकृतिबंध आहे. मालाची चोरटी ने-आण आणि वर्गमर्यादेचे उल्लंघन या दोन क्रिया त्यात एकमेकींच्या रूपकासारख्या वावरतात. मात्र हे उल्लंघन बहुधा दिखाऊ असते. जॉर्जेट हेयर यांच्या ‘द टॅलिस्मन रिंग’ (1936) या कादंबरीत तस्करांत वावरणारा तरुण मुळात सरदारपदाचा वारस असतो; त्याच्यावरील खुनाचा आळ दूर झाला की वर्गभेदही वेषांतरासारखा गळून पडतो. अशा कथांना आपण सोवळ्या म्हणतो ते केवळ त्यांतील शृंगाराच्या संयमामुळे. खरे सोवळे निराळेच आहे: खालच्या वर्गाचा विटाळ त्या अखेरीस धुऊन काढतात.

रत्नागिरीच्या इतिहासात या आकृतिबंधाची सर्व सामग्री आहे, पण हा शेवट नाही.

तस्कर हे जकातीच्या रेषेचे अपत्य असते. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याच्या सरहद्दीवरील जकात उठवली. 1892 मध्ये करार संपताच ती परत आली, आणि कालपर्यंत जो व्यापार होता तो चोरटा ठरला. वस्तू तीच, वाट तीच. बदलली ती सत्तेची रेषा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्या घरात हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. 1885 मध्ये मंडाले पडल्यावर 1886 मध्ये त्याला रत्नागिरीस आणले गेले. तनखा पुरेना, तेव्हा तो जवळची रत्ने व्यापाऱ्यांना विकू लागला. स्वतःचीच संपत्ती विकताना राजावर सरकारची नजर असावी, आणि ज्यांनी त्याचे राज्यच उचलून नेले त्यांच्याकडे कायदा असावा, हा उपरोध कोणत्याही तस्करकथेपेक्षा तीक्ष्ण आहे.

रत्ने बाहेर जात होती त्याच दारावर गोपाळ सावंत हा दरवान होता. थोरल्या राजकन्येचे त्याच्याशी संबंध जुळले आणि 1906 मध्ये तिला टूटू ही मुलगी झाली. (पर्यटकांना दाखवला जाणारा थिबा राजवाडा 1910 मध्ये राहता झाला, तेव्हा या प्रेमकथेचा आरंभ त्याच्या सज्जात शोधणे व्यर्थ आहे.) गोपाळ विवाहित होता. राजरक्ताचा वर मिळत नाही म्हणून राजकन्या अविवाहित राहिल्या होत्या. कुलशुद्धीच्या त्या आग्रहानेच कुलाची मर्यादा मोडण्याची वेळ आणली, असे म्हणावे लागते. 1916 मध्ये थिबा वारला. 1919 मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले, पण थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली. दरवान येथे राजपुत्र ठरला नाही. वर्गरेषा ओलांडली ती राजकन्येने, आणि खालच्या दिशेने.

अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (2000) मध्ये हा प्रसंग येतो. दरवानाऐवजी तेथे सारथी आहे. परंतु कादंबरीचा प्रेमकथात्म कणा मात्र राजकुमार आणि दासी डॉली यांचा आहे. पोरका राजकुमार सागाच्या व्यापारात धनवान होतो आणि मगच डॉलीला मागणी घालण्यास रत्नागिरीस येतो. वसाहतवादाची इतकी कठोर चिकित्सा करणाऱ्या लेखकालाही येथे रोमान्सचा जुना संकेत सोडवलेला नाही: प्रेमापूर्वी अंतर बुजवावे लागते. राजकन्येची कथा उपकथानकातच राहते, कारण ती मध्यभागी आली असती तर तिचे पुढचे आयुष्यही सांगावे लागले असते.

ते आयुष्य रोमान्सच्या हिशेबात बसत नाही. थोरली राजकन्या 1947 मध्ये रत्नागिरीतच वारली. टूटू मराठी बोलत, गरिबीत, मुलाबाळांच्या संसारात येथेच राहिली. घोष यांची कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, 2000 मध्ये, तिचे निधन झाले.