दिनविशेष : १२ ऑगस्ट – डेव्हिड मन्रो यांचा जन्म

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९४२ साली या दिवशी जन्मलेले वादक व संचालक डेव्हिड मन्रो यांनी ‘अर्ली म्युझिक’, म्हणजे मध्ययुगीन व प्रबोधनकालीन युरोपीय संगीत त्या काळच्या वाद्यांवर सादर करण्याची चळवळ, सामान्य श्रोत्यांपर्यंत नेली. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतलेल्या मन्रो यांनी १९६७ मध्ये, जेमतेम पंचविशीत, वादक क्रिस्टोफर हॉगवुड यांच्या साथीने ‘अर्ली म्युझिक कॉन्सॉर्ट ऑफ लंडन’ हा वाद्यवृंद स्थापन केला. सनईच्या कुळातील शॉम, टोकाशी वळलेले व पत्ती झाकलेले क्रमहॉर्न अशी विस्मृतीत गेलेली सुषिरवाद्ये या वाद्यवृंदात पुन्हा घुमू लागली. मन्रो स्वतः त्यांपैकी अनेक वाद्ये लीलया वाजवीत आणि संग्रहालयातील वस्तूंकडे पाहावे तशा कोरड्या आदराऐवजी नृत्याचा जोम त्यांच्या वादनात असे. ‘बीबीसी’वरील त्यांचा ‘पाइड पायपर’ हा मुलांसाठीचा कार्यक्रम मोठ्यांनीही आवडीने ऐकला. १५ मे १९७६ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, त्यांनी जीवनयात्रा संपवली. पुढच्याच वर्षी अवकाशात झेपावलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांतील पृथ्वीवरील ध्वनी साठवलेल्या सुवर्ण तबकडीत त्यांच्या वाद्यवृंदाने वाजवलेली प्रबोधनकालीन संगीतकार अँथनी हॉलबोर्न यांची एक नृत्यरचना समाविष्ट आहे.