टाचेचा बूट आधी कुणाचा?

मागच्या महिन्यात भाच्याचं लग्न झालं, साताऱ्याजवळच्या एका कार्यालयात. सगळं छान, रीतसर. अक्षता पडल्या आणि नवरीच्या बहिणींनी नवरदेवाचे बूट पळवले. ही पद्धत आपली की सिनेमातून आलेली, या वादात मी पडत नाही. पोरं हसतात, बरं वाटतं. पण बूट या हातातून त्या हातात फिरायला लागले आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की बुटांना चांगली अडीच इंचाची टाच आहे.

झालं! आमच्याच बाजूचे एक काका माईकवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "अरे, गडबडीत नवरीचे सँडल आणलेस का काय?" सगळा मांडव हसला. भाचाही हसला, पण कसा ते मी जवळून पाहिलं. मामा म्हणून शेजारीच उभा होतो. संध्याकाळी स्वागत समारंभाला शेरवानीखाली त्याच्या पायात त्याच्या मित्राचे सपाट बूट होते. एक नंबर मोठे.

जेवताना नवरीची धाकटी बहीण समोर बसली होती. खुर्चीखाली सँडल काढून पाय मोकळे केलेले. ती एका दागिन्यांच्या शोरूममध्ये कामाला आहे. मला म्हणाली, "मामा, आम्हाला रोज हिल्स घालून नऊ-दहा तास उभं राहावं लागतं. तेव्हा कोणी हसत नाही. नाही घातल्या की मात्र मॅनेजर बोलतात."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. एकाच वस्तूवरून एकाला घातली म्हणून हसायचं आणि दुसरीला नाही घातली म्हणून रागवायचं. का? तर म्हणे टाच ही "बायकांची गोष्ट". पण टाचेचा इतिहास काढून बघितला तर गंमत अशी आहे की ती मुळात पुरुषांची, आणि पुरुषांतही घोडेस्वाराची.

आपल्या भाषेतसुद्धा "टाच मारली" म्हटलं की डोळ्यांपुढे घोडाच येतो ना? इराणात आणि आजूबाजूच्या मुलखात स्वार घोड्यावरून धनुष्यबाण चालवायचे. धावत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून नेम धरायचा तर पाय पुढे सटकून चालत नाही. बुटाला उंच टाच असली की ती रिकिबीत अडकते आणि पाय जाग्यावर राहतो. म्हणजे टाच हे त्या स्वाराचं हत्यार होतं म्हणा ना. टोरोंटोला बाटा शू म्युझियम आहे. हो, आपल्या शाळेच्या बुटांचा बाटा, त्याच घराण्याने १९९५ मध्ये उभारलेलं. तिथे सतराव्या शतकातला असा टाचेचा इराणी स्वारीचा बूट ठेवलेला आहे. २०१५ मध्ये त्यांनी पुरुषांच्या उंच टाचांवर वेगळं प्रदर्शनच भरवलं होतं.

आता ही टाच इराणातून युरोपात कशी गेली? १५९९ मध्ये इराणच्या शाह अब्बासने युरोपातल्या राजांकडे वकील पाठवले. तुर्क हा दोघांचाही शत्रू, तेव्हा हातमिळवणी करू, असा बेत. त्या काळात युरोपातल्या उमरावांना इराणी गोष्टींची हौस लागली, आणि टाच त्यांच्या पायात आली. पराक्रमी, मर्दानी स्वाराची खूण म्हणून आली, हे लक्षात घ्या. नाजूकपणाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता.

पुढे घोडा बाजूला राहिला आणि टाच तेवढी उरली. त्या वेळच्या युरोपातले रस्ते म्हणजे चिखल नाहीतर खडबडीत दगड. टाचेचा बूट घालून त्यावरून चालणार कोण? ज्याला चालावंच लागत नाही तो! कामाला निरुपयोगी, म्हणूनच प्रतिष्ठेची. आपल्याकडे पांढरंशुभ्र, कडक इस्त्रीचं धोतर नेसून कोणी नांगर धरत नाही, तसंच हे.

यातला सगळ्यात मोठा शौकीन म्हणजे फ्रान्सचा चौदावा लुई. शिवाजी महाराजांपेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणजे त्यांचा समकालीनच. १७०१ मध्ये यासँत रिगो या चित्रकाराने काढलेलं त्याचं मोठं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मोबाईलवर शोधून बघा. त्रेसष्ट वर्षांचा राजा, डोक्यावर केसांचा टोप, पांढरे मोजे घातलेले पाय मुद्दाम पुढे काढलेले आणि बुटांच्या टाचा लालभडक. लाल टाच ही त्याच्या दरबारातल्या बड्या लोकांची खूण होती. इतकी, की फ्रेंच भाषेत "लाल टाच" या शब्दाचा अर्थच दरबारी उमराव असा झाला. या माणसाने आयुष्यभर लढाया केल्या, युरोपला घाम फोडला. त्याला कोणी म्हणालं असेल का, "महाराज, राणीसाहेबांचे सँडल आणलेत का काय?"

मग बायकांच्या पायात टाच आली कधी? साधारण १६३० च्या सुमारास, आणि तीही पुरुषांची नक्कल म्हणून! पुरुषी टोप्या, पुरुषांसारखे आखूड केस, ओढायला पाईप आणि पायात टाच, अशी तेव्हाच्या वरच्या वर्गातल्या बायकांची फॅशन होती. आज एखाद्या मुलीने बॉयकट केला की कपाळाला आठ्या घालणारे आहेतच. तेव्हा टाच घालणाऱ्या बाईकडे बघून अशाच आठ्या पडत असणार. पुढे फरक पडत गेला. पुरुषांची टाच रुंद आणि दणकट झाली, बायकांची निमुळती.

साधारण १७४० पर्यंत मात्र युरोपातल्या पुरुषांनी टाच सोडून दिली. काळ बदलत होता. माणूस मोठा ठरतो तो बुद्धीने, कामाने, उपयोगाने, हा विचार जोर धरत होता. विचार चांगलाच. पण त्यात एक गोम होती. बुद्धी आणि उपयोग पुरुषांनी आपल्याकडे ठेवला, आणि नटणं-मुरडणं, "निरर्थक" हौस ही बायकांच्या नावावर टाकली. लेस, रेशीम, भडक रंग, टाच, सगळं एकामागून एक पुरुषांच्या अंगावरून उतरलं. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर तर उमरावासारखं दिसणं जिवावर बेतायला लागलं. फ्ल्यूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये या सगळ्याला पुरुषांचा "महात्याग" म्हटलं. मला विचाराल तर त्याग कमी आणि वाटणी जास्त. आणि वाटणी करणाऱ्याने स्वतःला काय ठेवलं ते बघा: सपाट बूट, मोकळी चाल, खिशाची पँट.

तरी पुरुषांची टाच कायमची गेली असं नाही. अमेरिकेतल्या काऊबॉयच्या बुटाला टाच असते, कारण पुन्हा तीच रिकीब. साठच्या दशकात बीटल्सनी टाचेचे घोट्यापर्यंतचे बूट घातले. सत्तरच्या दशकात तर आपल्याकडेही बेलबॉटम आणि खाली जाड तळाचे, उंच टाचेचे बूट होते. जे काका मांडवात ओरडले, त्यांचाच १९७७ सालचा एक फोटो आमच्या घरच्या अल्बममध्ये आहे. कल्ले, मोठी कॉलर, आणि बेलबॉटमखालून डोकावणारी दणदणीत टाच! लग्नाहून घरी आल्यावर मी तो फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "तेव्हा सगळेच घालायचे रे."

बस्स. सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. सगळे घालतात तेव्हा ते मर्दानी. सगळे सोडतात तेव्हा ते बायकी.

यावर कोणी म्हणेल, फॅशनचं एवढं काय घेऊन बसलात? फॅशनच असती तर हा लेख लिहिला नसता. पण तिचा नियम होतो तिथे प्रश्न सुरू होतो. २०१५ मध्ये लंडनमध्ये एका रिसेप्शनिस्ट तरुणीला सपाट बूट घालून आली म्हणून पगार न देता घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या आणि २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. त्याच वर्षी फिलिपिन्सच्या कामगार खात्याने बायकांना कामावर उंच टाचेची सक्ती करायला बंदी घातली. २०१९ मध्ये जपानमध्ये बायकांनी याच सक्तीविरुद्ध मोहीम चालवली. आपल्याकडे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. तोही पायांचाच प्रश्न.

आपल्या गावातल्या शोरूममध्ये यापुढे जाल तेव्हा काउंटरपलीकडच्या मुलीच्या पायांकडे एकदा बघा. ती दर दोन मिनिटांनी भार या पायावरून त्या पायावर टाकत असेल. मालक ओळखीचा असेल तर एक शब्द टाका, "अहो, पोरींना सपाट चपला चालू द्या की, आणि मागे एक स्टूल ठेवा." अंगठी तेवढीच विकली जाईल.

टाच वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला किंवा जिला घालाविशी वाटते त्यांनी खुशाल घालावी. भाच्यालाही हेच सांगितलंय. पुढच्या आठवड्यात दोघं जोडीने जेवायला येणार आहेत. "मामा, तेच बूट घालून येऊ का?" असं फोनवर विचारत होता. म्हटलं, ये की. आणि काकांनाही बोलावलंय.